दिवाळीच्या खोक्यातून नाताळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी संपून आकाशकंदील उतरले की या सदराकडे नाताळच्या सजावटीविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वाचायला मिळाली. तयार सजावट महाग पडते, आणि महाग घेऊनही दोन वर्षांत तिचा चुरा होतो. शाळेत अनेक वर्षे कार्यानुभव हा विषय शिकवल्यामुळे मला या सर्व वाचकांना आधी एक विनंती करावीशी वाटते. बाजाराची वाट धरण्यापूर्वी माळ्यावरचे दिवाळीचे खोके खाली काढावे. कंदील बांधणारा, किल्ला रचणारा, रांगोळी घालणारा आणि दाराला तोरण ओवणारा हात आपल्या घरात आहेच, आणि नाताळच्या सजावटीला याहून वेगळे कसब लागत नाही. पुढची उत्तरे या समजुतीवर उभी आहेत.

ताई, माझ्या लहानपणी तलावपाळीच्या बाजूला आमच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांत कामट्यांचे मोठे तारे लागत. आमचे वडीलही दरवर्षी तसा तारा बांधायचे. ते गेले आणि त्यांची मापेही त्यांच्याबरोबर गेली. बाजारातला घडीचा तारा मला नको आहे. नातवंडांना हाताशी घेऊन तसाच फुगीर तारा बांधता येईल का? (एक आजी, चरई, ठाणे)

आजी, नक्की बांधता येईल, आणि मापेही परत मिळवता येतील, कारण ती ताऱ्याच्या आकारातच दडलेली असतात. फुगीर तारा म्हणजे दोन सपाट तारे, टोकांना एकत्र बांधलेले आणि मध्ये टेकू देऊन एकमेकांपासून दूर ठेवलेले. त्यासाठी ५० सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या आणि १० सेंटिमीटरचे पाच टेकू एवढेच लाकूडकाम आहे. बांबूकाम करणाऱ्यांकडे कामट्या तासून मिळतात. त्या रात्रभर पाण्यात भिजवल्या तर टोके बांधताना तडकत नाहीत.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून १९ सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करून घ्यावी. पाच कामट्यांचा तारा जमिनीवर मांडला की या खुणा बरोबर एकमेकींवर येतात, आणि त्या आल्या म्हणजे तारा कुठेही तिरपा नाही याची खात्री होते. वडिलांचे माप वेगळे असेल, तर कामटीच्या लांबीला ०.३८ ने गुणावे. कितीही मोठ्या ताऱ्यासाठी खुणेचे अंतर निघते. खुणांच्या जागी आणि टोकांना जाड सुती दोऱ्याने गाठ मारून तिच्यावर डिंकाचा एक थेंब सोडावा. सुतळीची गाठ कामटीवरून घसरते, म्हणून ती मी वापरत नाही. असे दोन तारे झाले की ते एकावर एक ठेवून पाचही टोके जोडीने बांधावीत, आणि मग आतल्या पाच सांध्यांत एकेक टेकू उभा बसवत जावे. तिसरा टेकू बसेपर्यंत सगळा सांगाडा वाकडातिकडा दिसतो. पाचवा बसला की तो एकदम पोट फुगवून ताठ होतो. तो क्षण नातवंडांना जरूर पाहू द्यावा, त्यासाठी शेवटचा टेकू त्यांच्याच हातून बसवून घ्यावा. पूर्ण झालेला तारा साधारण ४८ सेंटिमीटर उंच भरतो.

मढवण्यासाठी पतंगाचा कागद सर्वांत चांगला. संक्रांत जवळ आल्यामुळे डिसेंबरात तो सहज मिळतो, आणि जांभळी नाक्याच्या बाजारात एक चक्कर मारली तर रंगही निवडता येतात. ताऱ्याला एकूण २२ तुकडे लागतात: पुढे पाच त्रिकोण, मागे पाच, दोन्ही बाजूंच्या मध्यभागी एकेक पंचकोन, आणि जाडीच्या बाजूला दहा अरुंद त्रिकोण. हे अरुंद त्रिकोण वेगळ्या रंगाचे घेतले, तर दिवा लागल्यावर ताऱ्याला खोली येते. प्रत्येक तुकडा कामटीच्या मापापेक्षा बोटाच्या रुंदीइतका मोठा कापून कडा कामटीवर दुमडून चिकटवाव्यात. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. एक चमचा मैदा अर्धा कप पाण्यात गुठळी न होऊ देता ढवळावा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत, पण तो विषारी असल्याने मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत मुळीच घालू नये. कागद वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर तो पुन्हा वाळताना ताणला जातो आणि सुरकुत्या निघून जातात. आधी एका तुकड्यावर रंग सुटत नाही ना, हे मात्र पाहून घ्यावे.

खालच्या बाजूचा एक आणि वरच्या बाजूचा एक अरुंद त्रिकोण उघडा ठेवावा. खालून दिवा आत जातो आणि वरून उष्णता बाहेर पडते. दिवा अर्ध्या वॉटचा एलईडी असावा. आमच्या घरच्या पहिल्या ताऱ्यात आम्ही ४० वॉटचा जुना पिवळा गोळा सोडला होता. तासाभराने लाल कागदावर रुपयाएवढा तपकिरी डाग उमटला, तो पाहता पाहता काळा झाला आणि मधोमध भोक पडले. आईने धावत जाऊन बटण बंद केले म्हणून निभावले. कागदाच्या ताऱ्यात तारेचा गोळा कधीही लावू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक वर्गाला सांगत आले आहे.

कामट्या, कागद, दोरा आणि मैदा मिळून खर्च दीडशे रुपयांच्या पुढे जाऊ नये, आणि सांगाडा जपला तर पुढल्या वर्षी फक्त कागदच आणावा लागेल.

आम्ही दोघे लग्नानंतर घणसोलीत भाड्याच्या घरात राहायला आलो आहोत. आमच्या दोघांच्याही गावच्या घरी नाताळला मोठा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करतात. इथे जागा कमी आणि महिन्याचे गणितही घट्ट आहे. मूर्तींचा तयार संच परवडत नाही. लहानसा पण आपला वाटेल असा गोठा कसा करावा? (एक नवविवाहित जोडपे, घणसोली)

पहिल्या नाताळचा गोठा लहानच असावा. त्यात दरवर्षी एकेक वस्तू वाढत जाण्याची मौज आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो या गावी गव्हाण, गवत आणि जिवंत बैल व गाढव यांच्यासह येशूजन्माचा देखावा उभा केला, आणि गोठ्याची प्रथा तिथून पसरली असे मानले जाते. त्या देखाव्यात गवताखेरीज फारसे काही नव्हते, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

गोठ्याची इमारत आपल्याकडे आयती मिळते. उन्हाळ्यात कुणाकडे हापूसची लाकडी पेटी आली असेल आणि ती अजून माळ्यावर पडून असेल, तर ती मागून घ्यावी. आडवी ठेवली की तिच्या पट्ट्यांच्या भिंती, मधल्या फटी आणि जुने लाकूड यांमुळे ती गोठ्यासारखीच दिसते. आंब्यांखालचा पेंढा कुणी जपून ठेवला असेल, तर गव्हाणीचेही काम झाले. वर आलेले खिळे आधी पक्कडीने काढावेत किंवा ठोकून घ्यावेत. पेटी मिळालीच नाही, तर फळवाल्याकडचे पुठ्ठ्याचे खोके घेऊन त्याच्या बाहेरच्या कागदाचा थर ओला करून सोलावा. आतला नळीदार थर उघडा पडतो, आणि चहाच्या पाण्याचा हात दिला की तो जुन्या कौलासारखा दिसतो.

मूर्तींसाठी शाडू माती घ्यावी. गणपतीच्या मोसमानंतर ती मूर्तिकारांकडे उरलेली असते. चेहरे कोरण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. उभा शंकू हे शरीर, त्यावर लिंबाएवढा गोळा हे डोके, आणि अंगावर जुन्या साडीचा किंवा ओढणीचा तुकडा पांघरला, की मरिया आणि योसेफ ओळखू येतात. मरियेला निळा तुकडा द्यावा, तो रंग परंपरेने तिचाच आहे. पेटीच्या उंचीला १२ सेंटिमीटरच्या मूर्ती शोभतात, मेंढरे त्यांच्या निम्म्याहून लहान असावीत आणि बाळ अंगठ्याएवढे. आत तार घालू नये, कारण माती वाळताना आवळते, तार आवळत नाही, आणि मूर्तीला भेग जाते. तार न घालताही जाड भाग तडकतोच. म्हणून शंकू खालून बोटाने पोकळ करावा आणि मूर्ती उन्हात न ठेवता घरातच चार-पाच दिवस सावलीत सुकवाव्यात. रंग न दिलेली शाडूची मूर्ती मोडली तरी काही बिघडत नाही; ती पाण्यात भिजवून पुन्हा मळता येते.

आता अंगण. दिवाळीतल्या किल्ल्यावर आपण अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायचो, तीच युक्ती इथे करावी. गोणपाटाचा तुकडा ओला करून ताटात पसरावा, त्यावर मूठभर मोहरी विखरावी आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतात. १५ डिसेंबरच्या सुमारास पेरले तर २४ तारखेला गोठ्यापुढे जिवंत हिरवे कुरण तयार असेल. उंच गवत हवे असेल, तर नवरात्राच्या घटासारखे गहू पेरावेत.

बाळाची जागा २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची रीत आपल्या दोघांच्याही घरी असेल. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे पहिल्या दिवसापासून गोठ्यात उभे न करता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी ठेवावेत, आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला, त्यांच्या सणाच्या दिवशी, गोठ्यापर्यंत आणावेत. लहान घरात या प्रवासाला पैसाही लागत नाही आणि जागाही अडत नाही.

मी ऐरोलीतल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात चाळीस मुले आहेत आणि सजावटीसाठी निधी नाही. मुलांकडून काय आणायला सांगावे? कात्री वापरायची भीती वाटते. (एक शिक्षिका, ऐरोली)

मुलांना घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगा. आपल्या घरांत पत्रिका टाकवत नाही म्हणून त्या साठत जातात, आणि त्यांतला जाड, लाल-सोनेरी कागद दुकानात घ्यायला गेलो तर स्वस्त नसतो. देवादिकांची चित्रे आणि माणसांची नावे असलेला भाग आदराने वेगळा काढून घरी परत द्यावा; पालकांच्या मनाला लागेल असे काही होऊ देऊ नये. उरलेल्या भागातून बोटभर रुंदीच्या पट्ट्या आपण आदल्या दिवशी कापून ठेवाव्यात. मुलांनी त्यांच्या कड्या करून एकीत एक गुंफल्या की साखळी होते. कात्री लागत नाही, आणि चाळीस मुलांनी दहा-दहा कड्या केल्या तर चारशे कड्यांची साखळी सहज वर्गाला वळसा घालते.

दुसरी वस्तू हिरांची. शाळेच्या खराट्यातले नारळाचे हीर धुऊन, पुसून वीतभर लांबीचे तुकडे करावेत. तीन हीर मधोमध एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधले की सहा टोकांची चांदणी होते. मग लोकरीचा धागा मधल्या गाठीपासून सुरू करून प्रत्येक हिराला एकेक वेढा देत गोल गोल बाहेर न्यायचा. तिसरीतल्या मुलांच्या बोटांना हे काम पेलते. एरवी वर्गात स्वस्थ न बसणारी मुले या कामात अर्धा तास मान वर करत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. हिरांची टोके डोळ्यांजवळ जाऊ नयेत म्हणून प्रत्येक टोकावर आधीच शाडूचा किंवा कणकेचा ज्वारीएवढा मणी बसवावा.

एका कापात होणारा पाच टोकांचा तारा आपण स्वतः फळ्यासमोर उभे राहून करून दाखवावा. कागद मधोमध दुमडावा, आणि दुमडीच्या मध्यबिंदूपासून त्याचे पाच सारखे भाग होतील अशा घड्या घालाव्यात. कोनमापकाने प्रत्येक भाग ३६ अंशांचा येतो. या निमुळत्या घडीवर एकच तिरका काप द्यावा. काप जितका तिरका, तितकी टोके लांब. उलगडताना वर्गात जी शांतता पसरते, ती अनुभवण्यासारखी असते.

झाडासाठी येऊरच्या बाजूने सुरूची एखादी फांदी आणावी असा विचार आहे. चालेल का? (एक तरुण वाचक, कळवा)

नाही, चालणार नाही. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तिथली फांदी तोडणे हा गुन्हा आहे. तिथून पडलेली पाने-फळेही उचलून आणू नयेत. सुरूची लहान, शंकूसारखी फळे मात्र शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांखाली पडलेली सापडतात, ती वेचून सोनेरी रंगात बुडवावीत.

झाड भिंतीवर करावे. तारा बांधून उरलेल्या कामट्यांचे ६० सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत उतरत जाणारे सात तुकडे करावेत, ते शिडीच्या पायऱ्यांसारखे दोन्ही कडांना दोऱ्याने जोडावेत आणि एका खिळ्याला टांगावेत. दिवाळीची दिव्यांची माळ त्यावरून नागमोडी फिरवली, की लहान घरात जमिनीवरची वीतभर जागाही न अडवता झाड उभे राहते.

मुलांना झाडावर बर्फ हवा आहे. पूर्वी आम्ही थर्माकोलचे दाणे लावायचो. आता काय वापरावे? (एक वाचक, कोपरखैरणे)

थर्माकोल नको, हे आपण ओळखले आहेच. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच बंदी घातली होती. कापूस सुंदर दिसतो, पण तो चटकन पेटतो, म्हणून दिव्यांच्या माळेजवळ लावू नये. मीठ लावून पाहण्याचा मोह होतो, परंतु खाडीकाठच्या दमट हवेत त्याला दोन दिवसांत पाणी सुटते.

पांढरी रांगोळी लावा. पुठ्ठ्याच्या किंवा कामटीच्या वरच्या कडेवर डिंकाचे बोट फिरवावे आणि चिमटीतून रांगोळी सोडावी, जशी आपण दारात रेघ ओढतो तशी. तिच्यातले बारीक कण दिव्याच्या उजेडात चमकतात, आणि पाव किलो रांगोळीत दोन घरांची झाडे होतात. मुलांनी हे काम वर्तमानपत्र पसरून करावे आणि पूड डोळ्यांत जाणार नाही याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. माझे मत विचाराल, तर बर्फापेक्षा झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आपल्या झाडाला अधिक शोभतात, पण मुलांचा हट्ट मोठा असतो.

आगमनकाळाचे चक्र, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारी एकेक लावायच्या मेणबत्त्यांचे हिरवे कडे, घरी करायचे आहे. हिरवा पाला तीन दिवसांत सुकतो आणि मेणबत्त्यांची भीती वाटते. (एक वाचक, वाशी)

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत येतो, म्हणजे चक्र जवळजवळ चार आठवडे टिकायला हवे. एवढे दिवस पाला ताजा राहणार नाही, त्यामुळे तो दर शनिवारी बदलायचा हे आधीच ठरवून टाकावे. जुन्या वर्तमानपत्रांची घट्ट वळी करून तिचे गोल कडे वळावे, त्यावर हिरव्या सुती साडीची पट्टी गुंडाळावी, आणि पट्टीच्या वेढ्यांत आंब्याच्या किंवा अशोकाच्या पानांचे देठ खोचत जावे. पाने काढणे आणि घालणे पाच मिनिटांत होते.

मेणबत्त्या मात्र या कड्यात खोचू नयेत. स्टीलच्या खोल ताटात वाळू भरून तीत तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती उभी करावी, आणि पानांचे कडे ताटाबाहेर, ज्योतीपासून वीतभर अंतरावर राहील असे ठेवावे. ताट पुरेसे मोठे नसेल तर पानांशिवायचे चक्रही चांगले दिसते. या चक्राची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये झाली. निराधार मुलांची संस्था चालवणारे धर्मशास्त्रज्ञ योहान हिनरिख विखर्न यांनी नाताळला किती दिवस उरले हे मुलांना कळावे म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. आपल्या घरात लहान मुले असतील तर रविवारची मेणबत्ती लावण्याचा मान त्यांना पाळीपाळीने द्यावा, आणि खोलीतून बाहेर जाताना ती विझवण्याची जबाबदारी मोठ्यांपैकी एकाने नेमून घ्यावी.

कागदाची सजावट पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. पावसाळ्यात बुरशी येते, कसर लागते. काय करावे? (एक गृहिणी, नेरूळ)

खळीने चिकटवलेला कागद म्हणजे कसरीचे जेवणच असते, म्हणून ताऱ्याचा कागद जपण्याचा आग्रह धरू नये. ६ जानेवारीनंतर तो हलक्या हाताने काढून टाकावा, सांगाडा ओल्या फडक्याने पुसावा, दिवसभर उन्हात ठेवावा आणि पाचही टेकू काढून सपाट करावा. सपाट झालेला तारा कपाटामागे भिंतीला टेकून उभा राहतो. साखळ्या, हिरांच्या चांदण्या आणि शाडूच्या मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. मूर्तींच्या तळाशी ओल राहिलेली नाही ना, हे डबा बंद करण्यापूर्वी गालाला लावून पाहावे. थंड लागली तर ती अजून ओली आहे. गणपतीत मखराचे सामान काढाल तेव्हा हा डबाही एकदा उघडून दुपारभर उन्हात ठेवावा. दिव्यांची माळ गुंडाळून न ठेवता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वेढे देऊन ठेवावी, आणि त्या पुठ्ठ्यावर कोणता दिवा लागत नाही ते पेनाने लिहून ठेवावे.